क्लॅरिसाचं काही चुकलं नव्हतं

'मिसेस डॅलोवे' ही एका बाईच्या फसलेल्या प्रेमाची गोष्ट आहे, हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलंय आणि वाचलंय की त्यावर लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. व्हर्जिनिया वुल्फच्या या कादंबरीला २०२५ साली शंभर वर्षं झाली. त्यानिमित्तानं ओळखीच्या ब्लॉगांवर दोन-तीन लेख आले, आमच्या वाचनकट्ट्यावर चर्चा झाली, भाचेसुनेनं फोन करून "मावशी, वाचली हं मी एकदाची" असं कळवलं. सगळ्यांचा सूर एकच. बिचारी क्लॅरिसा! पीटरला नाही म्हणाली, सुरक्षित नवरा केला, आणि पन्नाशी उलटल्यावर झुरत बसली. एका लेखाखाली तर दहा-बारा जणांनी आपापल्या कॉलेजातल्या अव्यक्त प्रेमाच्या आठवणी लिहिल्या होत्या. लिहोत बापडे. पण त्या आठवणींना क्लॅरिसाचं नाव कशाला?

मला हे वाचन मान्य नाही. साफ मान्य नाही. आणि यात नुसता एका इंग्रजी कादंबरीचा प्रश्न आहे असंही मला वाटत नाही. का, ते शेवटी सांगते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९२३ सालच्या जून महिन्यातला लंडनमधला एक दिवस. क्लॅरिसा डॅलोवे, वय वर्षं एक्कावन्न, पार्लमेंटच्या सभासदाची बायको. संध्याकाळी घरी पार्टी आहे, म्हणून सकाळी फुलं आणायला बाहेर पडते. त्याच सकाळी पीटर वॉल्श तिला भेटायला येतो. तीसेक वर्षांपूर्वी बोर्टनला, तिच्या माहेरच्या घरी, त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं आणि तिनं नाही म्हटलं होतं. तो नंतर हिंदुस्थानात नोकरीला गेला. त्याच दिवशी लंडनमध्ये आणखी एक माणूस हिंडतोय, सेप्टिमस वॉरन स्मिथ. पहिल्या महायुद्धातून परतलेला, डोक्यानं खचलेला. क्लॅरिसा आणि सेप्टिमस एकमेकांना कधीच भेटत नाहीत. संध्याकाळी तो खिडकीतून उडी मारून जीव देतो आणि ती बातमी तिच्या पार्टीत येऊन पोचते. बस, एवढंच कथानक. बाकी सगळं लोकांच्या मनात घडतं. आम्हाला बी.ए.ला 'संज्ञाप्रवाह' हा शब्द मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस'च्या निमित्तानं शिकवला होता, ती कादंबरी १९४२ची. ही १९२५ची. इंग्रजी वाचताना मला अजून शेजारी शब्दकोश लागतो, त्यामुळे मी हळू वाचते. हळू वाचण्याचा एक फायदा असा की वाक्य अर्ध्यावर सोडून पुढे पळता येत नाही.

आणि गडबड नेमकी तिथेच आहे. लोक एक वाक्य अर्ध्यावर सोडतात.

सकाळी सेंट जेम्स पार्कमधून चालताना क्लॅरिसा मनातल्या मनात पीटरशी अजून भांडते आहे. पीटरशी लग्न केलं नाही हे बरोबरच केलं, असं ती स्वतःला पटवते. 'पटवते' या शब्दावर सगळ्यांनी बोट ठेवलं. बघा, म्हणे, बरोबर केलं असतं तर तीस वर्षांनी पटवावं का लागलं असतं? पण लेखिका तिथेच, त्याच दमात, एक लहानशी पुस्ती जोडते: आणि ते बरोबर होतंही. ही पुस्ती कुणाला दिसत नाही. पुढे ती हेही सांगते की त्या नकाराचं दुःख क्लॅरिसानं वर्षानुवर्षं काळजात रुतलेल्या बाणासारखं वागवलं. हा बाण मात्र सगळ्यांना बरोबर दिसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की दुःख वेगळं आणि पश्चात्ताप वेगळा. दुःख म्हणजे जे गेलं ते मोलाचं होतं. पश्चात्ताप म्हणजे ते मी जाऊ द्यायला नको होतं. एखादा निर्णय बरोबर असू शकतो आणि त्याची किंमत जन्मभर दुखू शकते. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी सुखेनैव नांदतात. ज्यानं कधी घर सोडलं, गाव सोडलं, कुणाला नाही म्हटलं, त्याला हे सांगायला नको. मग क्लॅरिसाच्या बाबतीतच दुःख दिसलं रे दिसलं की आपण चुकीचा शिक्का का मारतो?

तिनं नाही का म्हटलं हे पुस्तकात अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे. एकाच घरात रात्रंदिवस राहणाऱ्या दोन माणसांमध्ये थोडी मोकळीक, थोडं अंतर असावं लागतं, असं तिचं म्हणणं. रिचर्ड तिला ते देतो. आज सकाळी तो कुठे आहे, कुठल्या समितीत, हे ती विचारत नाही आणि तोही तिला विचारत नाही. पीटरबरोबर मात्र सगळं वाटून घ्यावं लागलं असतं. प्रत्येक गोष्ट उकरून, चर्चा करून, पार तळापर्यंत जाऊन. तिला ते असह्य होतं. बोर्टनच्या बागेत कारंज्यापाशी तो तिच्यामागे लागला होता, खरं काय ते सांग, खरं काय ते सांग. तिथेच तिनं संपवलं.

आता हा पीटर कसा आहे ते पाहा. बोलता बोलता खिशातला चाकू काढून त्याच्याशी खेळत राहायची त्याला जन्माची खोड. ऑक्सफर्डमधून काढून टाकलेला. हिंदुस्थानला जाताना बोटीवर भेटलेल्या मुलीशी लग्न केलं, ते टिकलं नाही. आपल्या जिल्ह्यात त्यानं म्हणे एक नांगर शोधून काढला आणि इंग्लंडहून हातगाड्या मागवल्या, पण कुली त्या वापरीनात. ज्यांच्यासाठी मागवल्या त्यांना त्या हव्या आहेत का, हे विचारायचं त्याला सुचलं असेल असं वाटत नाही. आता तो लंडनला आलाय तो डेझी नावाच्या तरुण बाईच्या घटस्फोटाबद्दल वकिलांना भेटायला. ती हिंदुस्थानातल्या सैन्यातल्या एका मेजरची बायको, दोन लहान मुलांची आई. आणि हे सगळं क्लॅरिसाला सांगता सांगता तो तिच्यासमोर ढसाढसा रडतो. मला पीटरचा राग नाही. पुस्तकातली सगळ्यात जिवंत माणसं मोजली तर तो त्यात येईल. पण या गृहस्थाशी लग्न न करणं हे 'सुरक्षितता निवडणं' कसं? माझ्या मते ते शहाणपण होतं.

आता समोरच्या पक्षाचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच मांडते, म्हणजे कुणी म्हणायला नको की मावशीनं सोयीचं तेवढं घेतलं.

पीटर रडतो, क्लॅरिसा त्याचा हात हातात घेते, त्याचा मुका घेते आणि तिच्या मनात येतं, की याच्याशी लग्न केलं असतं तर हा उल्हास दिवसभर माझा असता. झालं! हे वाक्य सापडलं की सगळ्यांना वाटतं आता निकालच लागला. पण पुढचा मजकूर वाचा ना. तिला सगळं संपल्यासारखं वाटतं, माडीवरची आपली अरुंद खाट आठवते. क्षणभर वाटतं, याच्याबरोबर निघूनच जावं. आणि लगेच पुढच्या क्षणी, एखादं पाच अंकी नाटक संपल्यावर प्रेक्षक बाईनं शाल, हातमोजे गोळा करून उठावं तशी ती उठते. त्या पाच अंकांत ती त्याच्याबरोबर पळून गेली, त्याच्याबरोबर आयुष्य जगली, आणि आता ते संपलं. म्हणजे ज्या आयुष्याबद्दल आपण हळहळतो ते क्लॅरिसा दोन मिनिटांत जगून मोकळी झाली आणि उठून खिडकीपाशी गेली. त्यापुढे तो तिला विचारतो, तू सुखी आहेस का, रिचर्ड तुला... आणि तेवढ्यात तिची मुलगी एलिझाबेथ दार उघडून आत येते. उत्तर राहून जातं. बऱ्याच वाचकांनी पीटरचा प्रश्न स्वतः उचलून स्वतःच त्याचं उत्तर देऊन टाकलं आहे. क्लॅरिसानं ते दिलेलं नाही.

दुसरा पुरावा सॅलीचा. पार्टीच्या शेवटी सॅली पीटरशेजारी बसते आणि तिला खात्री असते की क्लॅरिसाला रिचर्डपेक्षा पीटरबद्दलच जास्त वाटत होतं. इथे मी माझ्या जुन्या धंद्यावर जाते. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असायचा, 'कोण कोणास व का म्हणाले?' हजारो पेपर तपासले मी त्याचे. पोरं 'कोण' आणि 'कोणास' बरोबर लिहायची आणि 'का' पाशी गळायची. सॅलीचं हे मत पडतं कुणाच्या कानावर? पीटरच्या, म्हणजे ज्याला ते ऐकायला सगळ्यात जास्त आवडेल त्याच्या. केव्हा? क्लॅरिसा समोर नसताना. का? जुन्या दोस्ताला बरं वाटावं म्हणून, आपण दोघं तिला आतून ओळखत होतो हे सुख पुन्हा चाखावं म्हणून. आणि गंमत म्हणजे तिचं म्हणणं पीटरलाही पटत नाही, तो नाही नाही म्हणतो. साक्षीदार असा, वेळ अशी, आणि याच्या जोरावर आपण एका बाईच्या तीस वर्षांच्या संसाराचा निकाल लावायचा?

काही तरुण वाचक म्हणतात, खरं गमावलेलं प्रेम पीटर नाहीच, सॅली आहे. हे वाचन मला जास्त जवळचं वाटतं. बोर्टनच्या गच्चीवर सॅली एक फूल खुडते आणि क्लॅरिसाचं चुंबन घेते. आपल्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर क्षण होता असं क्लॅरिसाला पन्नाशीनंतरही वाटतं. त्याला 'जिवलग मैत्रीण' वगैरे म्हणून गुंडाळून ठेवायचं कारण नाही. ते प्रेम होतं, पुस्तक ते प्रेमच म्हणतं, आपणही म्हणावं. आणि त्या क्षणात मध्येच येऊन टपकतो कोण? पीटर! तिला अंधारात दगडी भिंतीवर तोंड आपटावं तसं होतं. ज्याला आपण गमावलेला प्रियकर म्हणतो तो तिच्या सगळ्यात मोलाच्या आठवणीत अडथळा म्हणून येतो, हे विसरू नका. पण सॅलीचंही आपण तेच करू नये, पीटरच्या जागी सॅली बसवून पुन्हा तीच रडकथा. सॅली आता लेडी रॉसेटर झाली आहे, मँचेस्टरला राहते, तिला पाच मुलगे आहेत, आमंत्रण नसताना पार्टीला येते. क्लॅरिसाला आनंद होतो, आणि आता सॅलीच्या चेहऱ्यावर ते तेज नाही हेही दिसतं. ती त्यावर रडत नाही. गच्चीवरचा तो क्षण तिच्याजवळ आहे. तो परत घडायला हवा होता अशी तिची मागणी नाही.

मग या कादंबरीत हरवलं काय आहे? माझ्या मते उत्तर मुखपृष्ठावरच आहे. 'मिसेस डॅलोवे'.

बाँड स्ट्रीटवरून चालताना क्लॅरिसाला एकदम वाटतं की आपण अदृश्य झालो आहोत. आता लग्न नाही, बाळंतपणं नाहीत, नुसतं इतर लोकांबरोबर या रस्त्यावरून पुढे पुढे जाणं, आणि मिसेस डॅलोवे असणं. क्लॅरिसासुद्धा नाही, मिसेस रिचर्ड डॅलोवे. नवऱ्याचं आडनाव तर आहेच, वर नवऱ्याचं पाळण्यातलं नावही. आता याच्या शेजारी पीटरला आठवणारा बोर्टनचा एक प्रसंग ठेवा. रिचर्ड पहिल्यांदा आला तेव्हा क्लॅरिसाचा समज झाला की त्याचं नाव विकम. ती सगळ्यांना त्याची ओळख विकम म्हणून करून देत राहिली. शेवटी त्यानं सांगितलंच, माझं नाव डॅलोवे आहे! सॅलीनं पुढे कितीतरी दिवस त्याची त्यावरून थट्टा केली. पुरुषाचं नाव कुणी चुकीचं घेतलं तर त्याला त्याच संध्याकाळी दुरुस्ती करता येते. बाईचं अख्खं नाव बदलून जातं आणि त्याला कुणी चूकही म्हणत नाही.

माझ्या पिढीतल्या मराठी बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहायची पद्धत आमच्यापैकी कितीतरी घरांत होती. आडनाव तर जायचंच, पाळण्यातलं नावही जायचं. पुढे मी शाळेत 'बाई' झाले, घरी 'वहिनी', 'काकू', 'मावशी', 'आजी'. या सगळ्या हाका मला प्रिय आहेत. पण माहेरचं नाव घेऊन हाक मारणारं आता कुणी उरलं नाही, तेव्हा ती मुलगी नेमकी कुठे आहे? असेल तर आठवणीतच. म्हणून क्लॅरिसा सकाळपासून बोर्टनला का जाते हे मला कळतं. ती पीटरला शोधायला तिथे जात नाही. जी अठरा वर्षांची मुलगी खिडकी उघडून सकाळच्या हवेत झेप घ्यावी तशी उभी राहायची, तिला ती भेटायला जाते. त्या मुलीला क्लॅरिसा म्हणून ओळखणारी माणसं म्हणजे पीटर आणि सॅली. आरशासमोर बसून क्लॅरिसा आपला चेहरा एका टोकाशी आणल्यासारखा गोळा करते आणि विचार करते, की जगासाठी आपण असे एक होतो, पण आत किती निरनिराळे, एकमेकांशी न जुळणारे तुकडे आहेत ते आपल्यालाच ठाऊक. आणि फार पूर्वी तिनं पीटरला बसमध्ये एक कल्पना सांगितली होती, की आपण या इथे, या आसनावर बसलो आहोत तेवढेच नसतो. आपण सगळीकडे असतो. म्हणून कुणाला ओळखायचं तर ज्या माणसांनी, ज्या जागांनी त्याला पुरं केलं ती शोधावी लागतात.

आता सांगा, असं मानणाऱ्या बाईच्या आठवणीला 'जुन्या प्रेमासाठी झुरणं' म्हणणं हा तिच्यावर अन्याय नाही तर काय? आठवण हे तिचं स्वतःला एकत्र ठेवण्याचं काम आहे. त्यात पीटर एक तुकडा आहे. महत्त्वाचा, पण तुकडाच.

पीटर मात्र ते मानत नाही. त्याला सगळीकडे प्रेमप्रकरण दिसतं. रीजंट्स पार्कमध्ये तो झाडाखाली बसलेल्या सेप्टिमस आणि रेझिया या नवराबायकोला पाहतो आणि त्याला वाटतं, तरुण जोडपं, भांडताहेत बिचारे. प्रत्यक्षात त्या क्षणी सेप्टिमस, समोरून येणारा करड्या कपड्यातला माणूस म्हणजे युद्धात मेलेला आपला अधिकारी इव्हान्स आहे, असं समजून उभा राहिलेला असतो. तो करडा माणूस म्हणजे पीटर! एकाला मेलेला मित्र दिसतो, दुसऱ्याला प्रेमाचं भांडण. संध्याकाळी पीटरच्या कानावर रुग्णवाहिकेची घंटा पडते आणि तिच्या तत्परतेकडे पाहून त्याला सुधारणेचं, संस्कृतीचं कौतुक वाटतं. ती गाडी सेप्टिमससाठी असावी, हे वाचकाला कळतं, पीटरला नाही. मंडळी, क्लॅरिसाकडे बघून 'अरेरे, फसलेलं प्रेम' म्हणणारे आपण सगळे पीटरसारखं वाचतो आहोत. लेखिकेनं असा वाचक पुस्तकातच आणून बसवलाय, आणि तो किती वेळा चुकतो तेही दाखवलंय.

आणि सेप्टिमस हा काही जोडीला लावलेला उपकथानकाचा भाग नव्हे. वुल्फबाईंनी १९२८ सालच्या एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय की पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच. क्लॅरिसाच शेवटी जीव देणार होती किंवा पार्टी संपता संपता मरणार होती. म्हणजे तिच्या मरणाचा वाटा त्यानं उचलला. इव्हान्स मेला तेव्हा आपल्याला फारसं काही वाटलं नाही याबद्दल सेप्टिमसनं स्वतःची पाठ थोपटली होती. पुरुषानं असंच असावं असं त्याला शिकवलेलं. मग दाबलेली आठवण मेलेल्या माणसाचं रूप घेऊन झाडामागून बोलायला लागली. डॉक्टर होम्स म्हणतात, तुम्हाला काही झालेलं नाही. सर विल्यम ब्रॅडशॉ म्हणतात, यांच्यात प्रमाणबद्धता उरलेली नाही, गावाकडच्या आश्रमात पाठवा, विश्रांती द्या, बायकोपासून दूर ठेवा. काय आठवतं, कोण दिसतं, हे कुणीच विचारत नाही. १९२२ साली ब्रिटिश युद्धखात्याच्या समितीचा शेलशॉकवरचा अहवाल आला होता. कादंबरीतही पार्टीत रिचर्ड आणि ब्रॅडशॉ यांचं एका विधेयकावर बोलणं चालतं, त्यात शेलशॉकच्या उशिरा दिसणाऱ्या परिणामांचा विषय निघतो. कलम होईल, तरतूद होईल. माणूस मात्र त्याच संध्याकाळी कुंपणाच्या सळ्यांवर पडून गेलेला आहे.

ती बातमी ऐकून क्लॅरिसा पाहुण्यांमधून उठून शेजारच्या रिकाम्या खोलीत जाते. मला तरी हे पुस्तकाचं शिखर वाटतं. तिथे ती पीटरचा विचार करत बसत नाही. ज्याला कधी पाहिलं नाही त्या मुलाचा विचार करते. आपण आयुष्यात एकदा सर्पेंटाइन तळ्यात एक शिलिंग फेकलं, त्यापलीकडे कधी काही फेकलं नाही, आणि यानं सगळंच फेकून दिलं. आत जपण्यासारखं जे काही असतं, जे गप्पा आणि खोटेपणात झाकोळून जातं, ते यानं वाचवलं असं तिला वाटतं. समोरच्या घरात एक म्हातारी बाई दिवा मालवून एकटीच झोपायला जाते, ते ती पाहते. मग परत पाहुण्यांत येते. कादंबरीच्या अगदी शेवटी पीटरला तिच्या नुसत्या असण्यानं भीती आणि हर्ष एकदम वाटतो. लग्न केलं असतं तर काय, हा प्रश्न तिथे त्यालाही पडत नाही.

कुणी म्हणेल, एवढी वकिली कशासाठी? ती तर श्रीमंत, वरच्या वर्गातली, थोडी उथळ बाई. आहेच. आर्मेनियन लोकांचे हाल चालले आहेत आणि हिला आर्मेनियन की अल्बेनियन हेही नीट ठाऊक नाही, हिचं लक्ष गुलाबांवर. गरीब नातलग एली हेंडरसनला पार्टीला बोलवायचं हिच्या जिवावर येतं. एलिझाबेथला इतिहास शिकवणाऱ्या मिस किलमनचा ती मनापासून द्वेष करते. सगळे जर्मन वाईटच असं म्हणायला तयार नाही म्हणून जिची युद्धकाळात शाळेतली नोकरी गेली, अशी ती बाई. मीही शाळामास्तरीण, माझी सहानुभूती किलमनबाईंना. क्लॅरिसा आदर्श आहे असं मी म्हणतच नाही. म्हणणं इतकंच की ज्याबद्दल तिला दोषी धरायचं त्याबद्दल धरा. गरिबांकडे पाहण्याची तिची नजर, तिचा वर्गाभिमान, त्यावर काय हवं ते बोला. पण नको त्या माणसाला नाही म्हटलं म्हणून तिची कीव करू नका. कीव करणं ही टीकेपेक्षा वाईट गोष्ट आहे, कारण टीका निदान असं मानते की त्या माणसानं स्वतः काहीतरी ठरवलं होतं.

आणि आता सुरुवातीला दिलेला शब्द पाळते. यात नुसत्या कादंबरीचा प्रश्न का नाही?

कारण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणींचं आपण हेच करतो. आजी जुनं काही बोलायला लागली की नातवंडं डोळे मिचकावून विचारतात, "आजी, तुझं कुणी होतं का गं?" आजीनं एखादं नाव घेतलं की संपलं. मग तिचा सगळा जन्म त्या एका नावाभोवती गुंडाळायचा, अरेरे म्हणायचं, आणि एक छान पोस्ट लिहायची. ती काय शिकली, तिनं काय नाकारलं, का नाकारलं, एकटं बसायला तिला जागा कुठे होती, कुणी तिला कुठल्या नावानं हाक मारायचं, हे विचारायचं राहतं. आणि तीच आजी जरा जास्त बोलायला लागली, तीच तीच गोष्ट सांगायला लागली, मेलेल्या माणसांशी बोलायला लागली, की आपल्याला लगेच ब्रॅडशॉसाहेब आठवतात. विश्रांती घे, विचार करू नकोस, गोळी घेतलीस का? आठवण एक तर गोड हवी, नाही तर तो आजार. मधलं काही नाही. औषधपाण्याला माझा विरोध नाही, वेळेवर डॉक्टर गाठावाच. पण गोळी दिल्यावर शेजारी बसून "कोण दिसतंय?" एवढं विचारायला काय हरकत आहे?

सेप्टिमसचं कुणी ऐकलं नाही. क्लॅरिसाचं आपण ऐकतो, पण आपल्याला हवं तेच. दोन्हींत ऐकणं कुठेच नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुस्तक घ्या, दोनशेच्या आसपास पानांचं आहे. पहिली वीस-पंचवीस पानं गोंधळ होईल, कोण बोलतंय आणि कोण नुसतं मनात म्हणतंय ते कळणार नाही. तिथे थांबू नका, रस्त्यावरून चालल्यासारखं पुढे चला. आणि कुठे क्लॅरिसाला पीटर आठवला की तिथे पेन्सिलीनं एक रेघ मारा आणि त्यापुढची दहा वाक्यं सावकाश वाचा. त्यानंतरही तुम्हाला वाटलं की तिनं चूक केली, तर जरूर भांडायला या. भाचेसूनबाई, तुम्हीसुद्धा. रविवारी दुपारी मी घरीच असते.